घागर रिकामी हाय का?

मागच्या उन्हाळ्यात आत्याकडे गेले तेव्हा पिशवीत 32 पानं होती. ए-थ्री आकाराची, शाई पूर्ण वाळलेली, दर दोन पानांमध्ये बटर पेपर घातलेला. एसटीत ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. दोन वर्षं मी त्या चित्रकथेवर काम करत होते आणि गोष्ट आत्याचीच होती, 1972च्या दुष्काळाची. चुलीपुढे बसून तिनंच ती मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती. खडी फोडायला गेलेल्या बायका, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं भरलेलं पाणी. माण तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘दुष्काळ’ हा शब्दसुद्धा लागत नाही, नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं की पुरतं. तेव्हा ही पानं आधी संपादकाला नाही, आधी आत्याला दाखवायची, हे माझं कधीचंच ठरलेलं होतं.

जेवणं झाली. तिनं पदराला हात पुसले, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा फडताळातून काढला आणि पहिलं पान आरसा धरावा तसं हातभर लांब धरलं. आत्या दुसरीपर्यंत शिकलेली. वाचताना तिचे ओठ हलतात. पण चित्रं ती न थांबता वाचत होती. छावणीतल्या बैलावर बोट ठेवून म्हणाली, “फऱ्याची हाडं वर आल्यात. बराबर काढलंयस.” धाब्याच्या घराचं माळवद तिला आवडलं, मुकादमाची टोपी पाहून ती खुदकन हसली. मी आतून फुलत चालले होते. मग सातवं पान आलं. तिसरी चौकट. उन्हातली पांढरी वाट, लांबवर एकच बाभूळ आणि कमरेवर घागर घेऊन घराकडे निघालेली बाई. त्या चौकटीवर मी तीन दिवस घालवले होते.

“ही घागर रिकामी हाय का गं?”

“नाही गं आत्या, भरलेली आहे. विहिरीवरून परत चाललीय ती. वर लिहिलंय बघ.”

आत्यानं वर लिहिलेलं वाचलं नाही. चष्मा नाकावर सरकवून पुन्हा एकदा बाईकडे नीट पाहिलं, “न्हाय, रिकामीच हाय” म्हणाली आणि पान उलटलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईकडे ओट्यावरून पाहून बोलावं, इतक्या सहज ती बोलली होती.

रात्री अंगणात बाज टाकून पडले, पण झोप येईना. शेवटी उठले, मोबाईलच्या उजेडात सगळी पानं पुन्हा काढली आणि मोजायला बसले. त्या गोष्टीत भरलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बाया 11 चौकटींमध्ये होत्या. अकराच्या अकरा जणी ताठ उभ्या. मानेपासून टाचेपर्यंत ओळंबा सोडावा अशी सरळ रेघ, दोन्ही खांदे एका पातळीत, मोकळा हात अलगद पदराला लावलेला. घागरीचा गोल मात्र सुरेख उतरला होता, तिच्या पोटावर पडलेलं ऊन, गळ्याखालची सावली, सावलीतल्या बारीक आडव्या रेघा. सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. जी गोष्ट पाण्याच्या एकेका थेंबाची होती, तिच्यात मी 11 रिकाम्या घागरी घेऊन बायांना मैलोन्मैल चालवलं होतं. आत्याला ते एका नजरेत दिसलं आणि मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

ही बाई कुठून आली, ते मला त्याच रात्री आठवलं. ती माझ्याबरोबर तेराव्या वर्षापासून आहे. महाराष्ट्रातल्या शाळांमधून चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या कुणालाही ती भेटलेली असेल. स्मरणचित्राच्या पेपरात बाजार येतो, बसस्टॉप येतो, विसर्जन येतं, पाणवठा येतो. आमच्या क्लासच्या सरांनी त्यासाठी आम्हाला सहा माणसं करून दिली होती. पाठमोरा म्हातारा, फुगा धरलेला मुलगा, पिशवीवाली बाई, वाकलेला माणूस, बसलेली बाई आणि घागरवाली बाई. आधी डोक्याचा अंडाकार, मग धडाचा, मग परकराची घंटा, कमरेवर गोल. वीस-वीस वेळा काढून घ्यायचे. विषय कुठलाही येऊ दे, ही सहा जणं उचलायची, आगेमागे मांडायची, मागे झाड आणि घर टाकायचं. मला ए ग्रेड मिळाली. आईनं पेढे वाटले. सरांबद्दल माझ्या मनात आजही माया आहे, पेन्सिल सैल धरायला त्यांनीच शिकवलं. पण त्या पेपराला ‘स्मरणचित्र’ म्हणायचे आणि स्मरणातून मी एकही माणूस काढला नव्हता, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही. आम्ही पाढे पाठ करावेत तशी माणसं पाठ केली होती.

आपल्याकडे चित्र शिकणाऱ्या मुलाला एकच सल्ला मिळतो, रोज काढत जा, हात बसेल. मीही तो अनेक मुलांना दिला आहे. सल्ला खोटा नाही. शाईची रेघ एका दमात, न थरथरता, जाडीपासून बारीक होत नेण्यासाठी हात बसावाच लागतो. ब्रशचं टोक कागदावर किती दाबायचं हे मनगटाला कळायला मला चार वर्षं लागली. पण हात चुकीवरही बसतो, हे कुणी सांगत नाही. किंबहुना चुकीवर तो जास्त घट्ट बसतो, कारण तिथे अडखळायला काही नसतं. माझा हात घागरवाल्या बाईवर असा बसला होता की दुष्काळाच्या गोष्टीत, आत्याच्या गोष्टीत, तो मला न विचारता तिलाच घेऊन आला. मी तिला नऊवारी नेसवली होती, चेहरा रापलेला केला होता, पायांना भेगा काढल्या होत्या. आत मात्र तीच होती, ए ग्रेड मिळवणारी.

पुण्याला परत आल्यावर मी माळ्यावरचा चांदोबाचा गठ्ठा काढला. विक्रम-वेताळाच्या गोष्टीच्या सुरुवातीला असायचं ते चित्र आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आहे, खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि स्मशानातून निघालेला राजा. ते काढणारे के. सी. शिवशंकरन, म्हणजे ‘शंकर’, 1950च्या दशकापासून चांदोबासाठी काढत होते आणि 2020 साली गेले तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. लहानपणी मी त्या चित्राची किती वेळा नक्कल केली असेल याला गणती नाही. माझ्या जुन्या वह्यांत विक्रम आहे, त्याची मिशी आहे, तलवार आहे, तलवारीची मूठही आहे. मी त्या नकला आणि मूळ चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. मूळ चित्रात राजा प्रेत वाहतोय. माझ्या नकलांमध्ये राजा उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर प्रेत काढलेलं आहे. नक्कल करताना मी जे जे दिसण्यासारखं होतं ते सगळं उचललं होतं. त्या सगळ्याला धरून ठेवणारं जे होतं, ते कागदावर रेघ म्हणून कुठेच नव्हतं, म्हणून ते माझ्या हाताला लागलं नाही.

मग मी नेटवर शोधलं. आजकाल चित्रकथा काढणारे आम्ही सगळेच संदर्भासाठी आधी तिकडे धावतो. कमरेवर कळशी घेतलेल्या नऊवारीतल्या बायांचे शेकडो फोटो निघाले. नथी, चंद्रकोरी, पैठण्या, मागे वाड्याचा दरवाजा. एक एक करून मोठे करून पाहिले आणि मला आत्याचा आवाज ऐकू यायला लागला. रिकामी. रिकामी. हीपण रिकामी. फोटोसाठी कुणी कशाला 12 किलो पाणी भरून उभं राहील? आणि मी गेली कित्येक वर्षं अशाच फोटोंवरून काढत आले होते. कॉलेजात आमच्यासमोर मॉडेल बसायचं, एकेक पोज अर्धा-अर्धा तास. त्यातून मी हाडं शिकले, स्नायू शिकले, प्रकाश शिकले. त्या शिक्षणाची किंमत मी कमी करणार नाही. पण समोरचं माणूस थांबलेलं असायचं. चित्रकथेतलं माणूस थांबलेलं नसतं. त्या चौकटीच्या आधी ते काहीतरी करत होतं आणि नंतर काहीतरी करणार असतं, आणि त्या मधल्या क्षणात ते दोन्हीही दिसावं लागतं.

शेवटी आईकडून पितळेची कळशी आणली.

घरात दुपारी कुणी नव्हतं. बाथरूमच्या नळाखाली ती काठोकाठ भरली, ओढणी कमरेला करकचून बांधली आणि कळशी डाव्या कमरेवर घेतली. घेतली म्हणणंही खरं नाही, पहिल्या खेपेला ती उचलूनच होईना. वाकून, गुडघ्यात बसून, आधी ती मांडीवर टेकवावी लागली आणि मांडीवरून एका हिसक्यात कमरेवर. त्या हिसक्यात पाणी गळ्यापाशी डुचमळलं आणि डावी बाजू पार मांडीपर्यंत भिजली. मग हॉलमध्ये फेऱ्या सुरू केल्या. कळशीचं पोट कमरेच्या हाडावर बसतं असं मला वाटत होतं. ते हाडाच्या किंचित वर, मऊ जागेत रुततं. ती जागा द्यायला कंबर आपोआप बाहेर निघते आणि कंबर बाहेर निघाली की खांदे दुसऱ्या बाजूला पळतात. डाव्या हातानं गळ्याला विळखा घातलेला, पण सगळा जोर मनगटाच्या आतल्या बाजूवर. आणि उजवा हात! तो मी पदराला लावून काढत आले होते. तो माझ्या अंगापासून वीतभर लांब गेला होता, कोपरात वाकून, पंजा उघडून, हवेत काहीतरी धरल्यासारखा. मी मुद्दाम तो खाली आणला तर पावलं अडखळली आणि फरशीवर पाणी सांडलं. श्वास डावीकडे पुरा भरत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले होते, ते मी मिटले नव्हते. नजर चार-पाच पावलं पुढे, जमिनीवर. वीस फेऱ्या झाल्यावर कळशी खाली ठेवली, तर ती ठेवल्यावरही कंबर काही वेळ तिकडेच राहिली. अंग सरळ करायला सांगावं लागलं.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये वीस फेऱ्या म्हणजे किती अंतर होतं? आत्याची विहीर दोन कोसांवर होती, म्हणजे तीन कोस नाही हे तिचं नशीब, असं ती म्हणते. त्या दुपारी ओल्या कपड्यांत जमिनीवर बसून मला लाज वाटली. चित्र चुकल्याची लाज निराळी असते, ती मला परिचयाची आहे. मी तिची गोष्ट दोन वर्षं कागदावर वागवत होते आणि तिनं उचललेलं एकदाही उचलून पाहिलं नव्हतं. लाज त्याची होती.

तसंच उठून, हात पुसून, मी काढायला बसले. मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता, पण तो उघडला नाही. कंबर अजून दुखत होती, त्या दुखण्यावरून काढलं. पहिली रेघ कळशीची नाही, पाठीची काढली. दोन वळणं घेऊन टाचेवर उतरणारी. मग त्या रेघेवर बाई उभी केली. चेहरा नाही, बोटं नाहीत, लुगड्याची एकही चुणी नाही, तरी ती भरलेली होती.

त्यानंतरचे पाच-सहा महिने मी पहाटे मंडईत जायला लागले. महात्मा फुले मंडईची ती 1886 सालची अष्टकोनी दगडी इमारत पर्यटक येऊन काढतात, सुंदर आहेच. मी इमारतीकडे पाठ करून बसायचे. टेम्पोतून पोती उतरवणारे हमाल, पाट्या डोक्यावर चढवून देणाऱ्या बाया, कोबीची हातगाडी चढावर रेटणारा म्हातारा. नियम एकच ठेवला होता, बघताना काढायचं नाही. एका माणसाकडे तो दिसेल तेवढा वेळ बघायचं, मग पाठ फिरवायची, तीसपर्यंत मनात मोजायचं आणि मग वही उघडायची. पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. बटाट्याचं पोतं पाठीवर घेतलेल्या माणसाकडे बघावं, वही उघडावी आणि पेन्सिलमधून सरांचा वाकलेला माणूस उतरावा. प्रत्यक्ष समोर माणूस असताना! इतका हात बसलेला. तेव्हा मी बघण्याची रीतच बदलली. आख्खा माणूस लक्षात ठेवायचा नाद सोडला आणि दर वेळी स्वतःला एकच गोष्ट विचारायला लागले, वजन जमिनीत कुठून जातंय? डाव्या टाचेतून? दोन्ही पायांच्या मधून? एकदा एवढं एक पक्कं धरलं की बाकीचा माणूस त्यामागून यायचा. पोतं घेण्याआधी हमाल पाय फाकवतो तेव्हा पुढचा पाय किंचित बाहेर वळलेला असतो. पोतं पाठीवर आदळतं त्या क्षणी गुडघे दबतात आणि हनुवटी पुढे येते. चहावाल्या पोराच्या हातात भरलेली किटली असली की त्याचा दुसरा खांदा कानाकडे चढतो. हे सगळं मी आयुष्यभर पाहत आले होते. पाहिलेलं माझं झालं नव्हतं.

एक हमालदादा रोज माझ्या वहीत डोकवायचे. एके दिवशी बोट ठेवून म्हणाले, “ह्यो पडतोय.” आणि खरंच, ज्याला मी चालताना काढलं होतं तो पडत होता, पोत्याचा भार पावलांच्या मागे गेला होता. कॉलेजात इतकी अचूक तपासणी माझ्या चित्राची कधी झाली नाही.

या काळात मी वाईटही पुष्कळ काढलं, ते सांगायला हवं. वजन सापडल्यावर मला त्याचा सोस लागला. नव्या पानांवरच्या बाया इतक्या वाकल्या, इतक्या कण्हायला लागल्या की नाटकातल्या वाटाव्यात. प्रत्येकीच्या कपाळावर आठी, प्रत्येकीची कंबर मोडलेली. दोन आठवड्यांचं काम फाडून टाकावं लागलं. कारण आत्या आणि तिच्या बरोबरच्या बाया कण्हत चालत नव्हत्या. त्या बोलत चालायच्या, एकमेकींची थट्टा करत, कधी सासूला शिव्या देत. माझ्यासाठी ती कळशी ओझं होती, त्यांच्यासाठी ती सकाळ होती. त्यांच्या अंगांनी त्या वजनाशी कधीच समेट केलेला होता. तेव्हा काढायचं होतं ते सवयीचं झालेलं वजन, आणि ते फार अवघड होतं. अजूनही आहे. बाईच्या पाठीत वळण हवं, पण चेहऱ्यावर त्याची खबर नको. हे साधेपणानं कसं करायचं, याचा धडा मला अनपेक्षित ठिकाणी मिळाला. राम वाईरकरांनी अमर चित्रकथेसाठी कृष्ण काढला आणि टिंकलमधला सुपंडीही त्यांच्याच हातचा. एकीकडे दागिने, कमळं, बळकट खांदे, आणि दुसरीकडे चार रेघांचा लांब मानेचा पोरगा. पण सुपंडीनं सामान उचललं की ते सामान उचललेलं असतं. त्या चार रेघा उरल्या त्या आधीच्या चाळीस माहीत असल्यामुळे. मुलं मला विचारतात, कार्टून काढायला माणसाचं शरीर कशाला शिकायचं? त्यांना मी आता काही सांगत नाही, सुपंडी दाखवते.

लुगड्याचंही तसंच. नऊ वार कापड, समोर गाठ, निऱ्या, त्यातला मधला भाग पायांमधून मागे नेऊन खोचलेला काष्टा. मी चुण्या काढायचे त्या सुंदर दिसतील अशा. कापडाच्या घड्यांचं वेळापत्रक मात्र अंग ठरवतं. कमरेवर घागर आली की त्या बाजूच्या निऱ्या दबून बंद होतात आणि दुसऱ्या मांडीवरचं कापड ताणून गुळगुळीत होतं. म्हणजे चुण्या कमी काढायच्या. शाई वाचली आणि बाई हलायला लागली.

सगळ्यात मोठा बदल झाला तो मात्र चित्रात नाही, गोष्टीत झाला. सातव्या पानावर पहिल्या चौकटीत बाई विहिरीकडे जाते आणि तिसऱ्या चौकटीत परत येते. दोन्हीकडे मी एकच बाई वापरली होती, फक्त तोंड फिरवून. त्यामुळे कोणती जाते आणि कोणती येते हे कळावं म्हणून वर पट्टी टाकून लिहावं लागलं होतं, ‘पाणी घेऊन ती परत निघाली.’ आता पहिल्या चौकटीत घागर तिच्या हातात नुसती लोंबते, हात मोकळे, टांगा लांब टाकलेल्या. तिसऱ्या चौकटीत पावलं आखूड, मोकळा हात हवेत. पट्टीची गरजच उरली नाही. चित्रकथेत मराठी मजकुराला जागा फार लागते, वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, ओळी जवळ आणल्या की एकमेकींत अडकतात. ती पट्टी काढली तेव्हा चौकटीचा वरचा सगळा भाग मोकळा झाला. तिथे मी काहीच काढलं नाही. पांढरं आभाळ राहू दिलं. बहात्तरचं आभाळ तसंच होतं, असं आत्या म्हणते.

अकराही चौकटी नव्यानं काढून, शाई करून, दिवाळीनंतर पुन्हा गावी गेले. आत्या दारात उभी होती. हातात काही नव्हतं. घरात नळ येऊन पंधरा वर्षं झाली. पण ती उभी होती डावी कंबर बाहेर काढून, उजवा हात अंगापासून सुटलेला. ती नेहमी तशीच उभी राहते, लग्नाच्या फोटोंत, देवळाच्या रांगेत, माझ्या बारशाच्या एकुलत्या एका काळ्यापांढऱ्या फोटोत. मी उंबऱ्याबाहेर पिशवी घेऊन थांबले तशी ती म्हणाली, “आत ये की, बघत काय बसलीस?”

पानं दाखवली. ती पुन्हा पहिल्यापासून पाहू लागली, आरसा धरल्यासारखी. सातवं पान आलं आणि मी श्वास धरला. तिनं पहिली चौकट पाहिली, दुसरी, तिसरी, आणि पान उलटलं. न थांबता. काहीच बोलली नाही. मला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कळलं की ती बाईबरोबर पुढच्या पानावर चालत गेली होती. मागच्या खेपेला ती त्या चौकटीला अडखळली होती, या खेपेला अडखळण्यासारखं तिथे काही नव्हतं. सहा महिन्यांचं काम तिच्या नजरेखालून पाणी वाहावं तसं गेलं.

एकोणिसाव्या पानावर ती थांबली. खडी फोडणाऱ्या बायकांचं पान.

“हिचं बोट फुटंल,” आत्या म्हणाली.

“कसं?”

“दगुड असा मुठीत धरत्यात व्हय?” तिनं चष्मा काढून ठेवला, आत गेली आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आली. जमिनीवर बसली, एक पाय लांब, एक दुमडलेला. शेजारच्या चुलीपुढचं जळण बाजूला सारून दगडाऐवजी एक कांदा पुढ्यात ठेवला. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना पदराचं टोक गुंडाळलं. “चिंध्या बांधायचो. जुन्या धोतराच्या. आन अंगठा आत घालायचा, असा. वरनं हात सुटला पायजे, नुसता सोडायचा, मारायचा न्हाय.” बत्ता वर गेला तेव्हा तिचं मनगट सैल होतं. ऐंशीच्या घरातलं ते मनगट, शिरा वर आलेल्या, पण बत्ता खाली येताना तो तिला जड नव्हता. मी वही उघडली. बघताना काढायचं नाही हा नियम मी त्या दिवशी मोडला, कारण ती पुन्हा दाखवेल की नाही याचा भरवसा नव्हता.

“जरा सावकाश, आत्या. अंगठा दिसला नाही.”

तिनं कांदा सरळ केला आणि बत्ता पुन्हा उचलला.